कार्ड कोणी पाठवायचं

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजांवर माझं पोट चाललं, हे मी कधी लपवून ठेवलं नाही. कॅनडात, बर्नाबीतल्या एका कॉलेजात निवृत्त होईपर्यंत मी त्यांचाच सामाजिक इतिहास शिकवला. आमच्या मराठी मंडळींना याची फार गंमत वाटायची. गणपतीच्या जेवणात दरवर्षी कोणी ना कोणी विचारायचंच, “ज्यांना आपण घालवलं त्यांचं तू अजून कौतुक करतेस होय?” कौतुक कसलं डोंबलाचं! मी शिकवायचे ते गिरणीत राबणाऱ्या पोरांबद्दल, गरिबांना डांबून ठेवणाऱ्या वर्कहाऊसबद्दल, आणि माणसाचं घर केवढं आहे यावर त्याचा मताचा हक्क कसा ठरायचा त्याबद्दल. पण हे सांगायला तोंड उघडावं तर तोवर श्रीखंड आलेलं असायचं आणि माणसं तिकडे वळलेली असायची.

विद्यार्थ्यांचं आवडतं व्याख्यान एकच, दुखवट्याचं. खात्यापित्या घरातली इंग्रज बाई विधवा झाली की तिचं काय काय व्हायचं, हे मी अगदी रंगवून सांगायचे. पहिलं वर्षभर तिने काळं क्रेप घालायचं. अंगावर चमकणारं काही नको, म्हणून ते कापडही मुद्दाम निस्तेज विणलेलं. पावसात भिजलं की त्याचा काळा रंग मानेला लागायचा. पुढे क्रेप थोडं कमी करायचं, मग राखाडी, मग फिकट जांभळा. पत्राच्या कागदाला काळी किनार, आधी जाड, मग काळ सरेल तशी बारीक. पुरुषाची बायको गेली तर तो टोपीला काळी पट्टी बांधून थोड्याच दिवसांत कचेरीत हजर. इथे मुली हसायच्या आणि मुलगे खाली बघायचे. गिरणीतल्या बाईला तर यातलं काहीच परवडायचं नाही. तिने आपला एकुलता एक चांगला झगा हंड्यात टाकून काळा रंगवायचा आणि कामावर जायचं.

मग आपल्याकडचाही विषय निघायचा. त्याच काळात आपल्याकडे विधवांचे केस काढले जात होते आणि त्याबद्दल इंग्रज साहेब मोठ्या संतापाने अहवाल लिहीत होते. त्याच साहेबाची बहीण तिकडे लंडनला पडदे ओढून काळ्यात बसलेली असायची, त्याबद्दल मात्र साहेबाला काही वाटायचं नाही. हे सांगताना मला दोन्हीकडचा सारखाच राग यायचा. घरी आल्यावर नवरा माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखायचा, आज दुखवटा शिकवून आलीये.

सगळ्यात मोठा हशा भेटीच्या कार्डांवर व्हायचा. कोणाचा नवरा गेला की ओळखीच्या बायका तिच्या दारापर्यंत यायच्या, नोकराच्या हातात आपलं नाव छापलेलं कार्ड द्यायच्या आणि आत न जाताच परत फिरायच्या. जवळचे नातेवाईक सोडले तर आत कोणी जायचं नाही, असा रिवाज. पुढे कधीतरी त्या विधवेला माणसांत यावंसं वाटलं, की तिने आपण होऊन सगळ्यांना कार्ड पाठवायचं, चौकशी केल्याबद्दल आभार मानणारं. ते मिळालं की लोकांनी समजायचं, आता हिच्याकडे जायला हरकत नाही. “म्हणजे त्या बिचारीनेच सुरुवात करायची?” मुली विचारायच्या. “तिनेच,” मी म्हणायचे, आणि त्यांच्याबरोबर हसायचे.

गेल्या फेब्रुवारीत माझा नवरा गेला. सकाळचा चहा घेऊन कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला ठेवून आला, खिडकीजवळच्या खुर्चीत बसला, “गार आहे गं बाहेर,” म्हणाला, आणि त्याने मान टाकली. मी ॲम्ब्युलन्सला फोन केला आणि दार उघडून समोरच्या घराच्या दिशेने ओरडले. तिथे माझी मैत्रीण राहते. ती पावसात अनवाणी धावत आली. ती डॉक्टर, ऑपरेशनच्या वेळी भूल देणारी, माझ्यासारखीच आता निवृत्त. तिने त्याला जमिनीवर घेतलं आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याची छाती दाबत राहिली. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते. पण काही उपयोग झाला नाही.

या मैत्रिणीबद्दल सांगायला हवं. आमचे दोघींचे नवरे एकाच कंपनीत इंजिनियर होते, म्हणून आम्ही एकाच रस्त्यावर समोरासमोर घरं घेतली. तेव्हा आमचे केस काळे होते आणि दोघींनाही गाडी चालवता येत नव्हती. ती शिकली, मी आजतागायत शिकले नाही, त्यामुळे मला जिथे जायचं असेल तिथे तीच सोडायची, आणि वाटेत माझ्या भित्रेपणाचा यथेच्छ समाचार घ्यायची. आम्ही एकमेकींना फोन कधी केला नाही. मागच्या दाराने यायचं आणि चहाचं आधण टाकायचं. तिची रात्रपाळी असली की तिची मुलगी माझ्याकडे जेवायची, झोपायची. त्या मुलीला वरणभात लागायचा तो माझ्याच हातचा.

नवऱ्याचे दिवस होईपर्यंत घरात पाय ठेवायला जागा नव्हती. फ्रीजमध्ये डबे मावत नव्हते. जोड्यांचा ढीग दारापासून जिन्यापर्यंत गेला होता. मुलगा एडमंटनहून आला होता, सून आणि नातवंडंही होती. तेराव्याचं जेवण झालं आणि मंडळी उठली. आपल्यात अशा घरातून निघताना “येते” म्हणत नाहीत. एकेकीने काही न बोलता माझा हात दाबला आणि गेली. मुलगा आणखी काही दिवस राहिला, मग त्याची रजा संपली.

त्यानंतर कोणी आलंच नाही.

यात काय गफलत झाली, ते मला कळायला वेळ लागला. आमची ही पिढी मोठी विचित्र आहे. आयुष्य इथे काढून आम्ही इथला एक शिष्टाचार अगदी पक्का उचलला. दुःखातल्या माणसाला एकटं सोडावं, त्याला ‘स्पेस’ द्यावी, विचारल्याशिवाय त्याच्या दारात जाऊ नये. आणि तिकडून येताना बांधून आणलेलं गाठोडंही आम्ही सोडलं नाही. वर्ष होईपर्यंत त्या घरी सणवार नाही, त्या बाईला हळदीकुंकवाला बोलवायचं नाही, लग्नकार्यात पुढे करायचं नाही. इथला गोरा शेजारी निदान ओव्हनमधलं काहीतरी गरम घेऊन दार वाजवतो. तिकडची शेजारीण न विचारता आत येऊन पदर खोचते. आमच्या लोकांनी मात्र दोन्हीकडचं जे माणसाला लांब ठेवतं, तेवढंच नेमकं वेचून घेतलं. आणि यात दुष्ट कोणी नव्हतं हो. सगळे मला जपत होते. दुष्ट असते तर दोन शब्द सुनावता तरी आले असते.

फोनवर हात जोडलेली चित्रं यायची, ‘टेक केअर’ यायचं. चैत्रातलं हळदीकुंकू झालं ते मला फोटोंवरून कळलं. उन्हाळ्यात मराठी मंडळाची पिकनिक झाली तेही तसंच. एकदा ग्रोसरीत मंडळातली एक बाई समोरून आली, तिने मला पाहिलं, आणि आपली सामानाची ढकलगाडी वळवून मसाल्यांच्या रांगेत शिरली. काय बोलावं हे तिला सुचलं नसणार, दुसरं काही नाही. मी भाजी तिथेच ठेवली, बाहेर येऊन बस स्टॉपवर बसले आणि रडले. भरदुपारी, लोकांदेखत.

त्या दुकानातली काउंटरवरची मुलगी दर वेळी हसून विचारायची, दिवस कसा चाललाय म्हणून. तिचं काय चुकलं? मी आपला नेहमीचा निळा रेनकोट घालून उभी. माझ्याकडे बघून कोणाला काय कळणार? तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं, की ते काळं क्रेप अगदीच टाकाऊ नव्हतं. मानेला रंग लागला असता, पण अनोळखी माणसालासुद्धा कळलं असतं की हिच्याशी जरा हळू बोलावं. इतकी वर्षं मी ज्या कापडाची टिंगल केली, ते मला हवंसं वाटू लागलं होतं. स्वतःचाच संताप आला.

आणि माझी मैत्रीण? सुरुवातीला ती यायची, पण दारातच उभी राहायची, बसायची नाही. मग मागच्या दाराच्या कडीला पिशवीत डबा अडकवून जायला लागली. मी दार उघडेपर्यंत ती रस्ता ओलांडून गेलेलीसुद्धा असायची. पुढे डबाही बंद झाला. मीही गेले नाही. ज्याच्या घरी माणूस गेलंय त्यानेच लोकांची दारं वाजवत फिरायचं की काय? मी माझ्या हट्टाला पक्की. संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात दिवा लागायचा, माझ्यात लागायचा, आणि आम्ही दोघी आपापल्या खिडकीत भांडी घासायचो.

मुलगा दर रविवारी फोनवर दिसायचा. “आई, यू आर अलोन इन दॅट ह्यूज हाऊस. इकडे ये ना. बेसमेंट आम्ही पूर्ण फिनिश केलंय, सेपरेट वॉशरूम आहे, फ्लोअर हीटेड आहे. तुला तिथे आहे कोण?” मुलगा चांगला आहे माझा, मनापासून बोलवत होता. पण मला जायचं नव्हतं. एडमंटनला अर्धं वर्ष बर्फ, सून आणि मुलगा दिवसभर ऑफिसात, नातवंडं त्यांच्या खोल्यांत, आणि मी गरम फरशीवर बसून बेसमेंटच्या उंच खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट बघायचे. इथे माझं वाचनालय होतं, माझी बस होती, नवऱ्याने लावलेलं प्लमचं झाड होतं. दर रविवारी मी म्हणायचे, “बघू.”

मग ऑक्टोबर आला. मैत्रिणीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, तुळशीच्या लग्नानंतरचं. मुलगी दूर नॉर्थ यॉर्कला नोकरी करते, ती चुडा भरायला घरी आली. एका शनिवारी दुपारी मी सिंकपाशी उभी होते. समोर गाड्यांची रांग लागली. शेजारच्या सरे गावाहून बांगडीवाली आली, तिच्या दोन्ही हातांत खोकी. मग एकेक करून मंडळातल्या सगळ्या बायका आल्या, साड्या सावरत, छत्र्या मिटत. त्यांच्या पोर्चवर चपला-बुटांचा खच पडला. आतून हसण्याचा आवाज येत होता. मला कोणी बोलावलं नव्हतं.

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. नळ तसाच वाहत ठेवून मी मुलाला फोन लावला आणि म्हटलं, “ठीक आहे. येते मी एडमंटनला.” त्याला इतका आनंद झाला की मला पुढे काही बोलताच येईना. घरं विकून देणारा रिअल्टर पुढच्या सोमवारी घर बघायला येईल, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं.

मधल्या रविवारी माझं व्याख्यान होतं. आमच्या गावात जुन्या घरांचं एक लहानसं संग्रहालय आहे. दर ऑक्टोबरात ते लोक तिथल्या दिवाणखान्यात काळे पडदे लावतात, आरसे झाकतात, आणि मी जाऊन इंग्रजांच्या दुखवट्यावर बोलते. यंदा तिथल्या बाईंचा फोन आला. फार अवघडून त्या म्हणाल्या, जमणार नसेल तर आम्ही समजू शकतो, हवा तेवढा वेळ घ्या. मी म्हटलं, “माझ्याकडे वेळच वेळ आहे. येते.”

दरवर्षी मैत्रीणच मला तिथे सोडायची आणि मागच्या रांगेत बसून व्याख्यान ऐकायची. तिला ते पाठ झालं होतं. माझ्या विनोदाच्या आधीच हसायची. यंदा मी क्रेपचा तुकडा आणि गेलेल्या माणसाचे केस जपून ठेवायचं लॉकेट पिशवीत घालून बसने गेले. बोलायला सुरुवात केली आणि थोड्या वेळाने मागचं दार उघडलं. ती आली, छत्री मिटली आणि नेहमीच्या जागी बसली. मी तिच्याकडे बघितलं नाही. पण कार्डांबद्दल मी कागदावरून नजर न उचलता बोलले, आणि दरवर्षी जिथे लोक हसतात तिथे यंदा कोणी हसलं नाही.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. एका आजोबांनी लॉकेटबद्दल विचारलं. मग मागच्या रांगेतून हात वर झाला.

“विधवेने ते कार्ड पाठवलंच नाही तर?” तिने उभं राहून विचारलं. पुढचं आमचं सगळं बोलणं इंग्रजीत झालं, एखाद्या परिसंवादात व्हावं तसं, अतिशय सभ्य.

“तर कोणी येत नसे,” मी म्हणाले.

“मग तिला माणसं हवीत की नकोत, हे शेजाऱ्यांना कळणार कसं?”

“समोरच राहत असतील तर तिच्या स्वयंपाकघरातला दिवा दिसत असेलच की.”

पुढे बसलेल्या एका बाईंनी मान डोलावली.

“दिवा दिसला म्हणून कोणाच्या घरात घुसायचं नसतं,” मैत्रीण म्हणाली. “रिवाज होता ना तसा? शेजारणीला वाटलं असेल, आपण गेलो तर तिला त्रास होईल.”

“तिला तसं विचारलं होतं का कोणी?”

“तिने तरी सांगितलं होतं का कोणाला, की या म्हणून?”

लॉकेटवाल्या आजोबांनी आलटून पालटून आमच्या दोघींकडे पाहिलं आणि विचारलं, “या मुद्द्यावर इतिहासकारांमध्ये मतभेद आहेत का?”

“आहेत,” मी म्हणाले. “तीव्र आहेत.”

मग माझा पारा उतरेना. मी म्हटलं, या विषयाची राजकीय बाजूही सांगायला हवी. शतकाच्या बऱ्याच काळापर्यंत लग्न झालेल्या इंग्रज बाईच्या नावावर कायद्याने काही नसायचं, सगळं नवऱ्याचं. ते बदलायला बायकांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. विधवेला मात्र स्वतःच्या नावाने घर ठेवता यायचं आणि विकताही यायचं. “तेव्हा शेजार असा निघाला,” मी म्हणाले, “तर ती सोमवारी घर विकायलासुद्धा काढू शकते.”

मैत्रिणीचा हात अजून अर्धवट वर होता. तो खाली आला. “विकून ती जाणार कुठे?” तिने विचारलं.

“मुलाकडे. तळघरात.”

ती खाली बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, संग्रहालयाच्या बाईंनी माझे आभार मानले आणि यंदाची चर्चा फार जिवंत झाली म्हणून सांगितलं.

बाहेर पाऊस पडत होता. फाटकाशी तिची गाडी उभी होती, दार उघडं. बसला अजून वेळ होता आणि माझे बूट भिजले होते, म्हणून बसले. हेही खरं की मला बसायचंच होतं. तिने गाडी सुरू केली.

“खरंच सोमवारी रिअल्टर येतोय?”

“हो.”

“मला सांगितलं नाहीस.”

“तू आलीस कुठे सांगायला?” मी म्हटलं. “अख्खं गाव होतं तुझ्याकडे चुड्याला. मी खिडकीतून चपला बघत होते. त्या पोरीला मी मांडीवर घेऊन भरवलंय, आणि तिच्या चुड्याला मी नको?”

“अगं, त्या बायका कुंकू लावत लावत तुझ्यापाशी आल्या असत्या आणि थांबल्या असत्या. मला ते बघवलं नसतं.”

“मग तू लावायचंस.”

तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच होते. ती रडत होती. इतक्या वर्षांत मी तिला रडताना एकदाच पाहिलं होतं, तिची आई गेली तेव्हा.

“खरं सांगू का?” ती म्हणाली. “कुंकू, स्पेस, वर्ष व्हायचंय, हे सगळं बहाणे आहेत. आय वॉज स्केअर्ड. तुझ्या घरात पाऊल टाकलं की मला ती खुर्ची दिसते, आणि खुर्चीत हा दिसतो. माझा. याची बायपास झाल्यापासून मी धास्तावलेलीच होते, त्यात ते झालं. अगं, ऑपरेशन टेबलावर माणसं गेलेली पाहिली आहेत मी. आणि तुझ्याकडे चहाला यायला मला भीती वाटते. शोभतं का हे मला?”

कोणी समजूतदार बाई असती तर म्हणाली असती, जाऊ दे, होतं असं. मी समजूतदार नाही. “नाही शोभत,” मी म्हणाले. तिने नाक पुसलं, गाडी सुरू केली आणि मला माझ्या दारात सोडलं. मी तिला आत बोलावलं नाही आणि तीही आली नाही.

घरात शिरल्यावर मात्र माझा राग कुठल्या कुठे गेला. ती खुर्ची मी फेब्रुवारीपासून रोज पुसत होते. ती हलवावी असं मला एकदाही वाटलं नव्हतं. समोरच्या घरात बसून हिला तीच खुर्ची दिसत असेल, आणि हिचा नवरा जिन्यात जरा खोकला तरी हिचा जीव वरखाली होत असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मला तिची फार दया आली. आणि माझ्याजवळ कोणी आलं नाही म्हणून माझी स्वतःचीही आली. पण मुलाला हो म्हणून बसले होते. आता नाही म्हटलं तर तो पुन्हा विचारणारच, तुला तिथे आहे कोण, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सोमवारी रिअल्टर ठरल्या वेळी आला. गोड बोलणारा, बुटांवर निळ्या पिशव्या चढवलेला गृहस्थ. मुलालाही सगळं ऐकायचं होतं, म्हणून मी फोन सुरू करून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर टेकवून ठेवला होता. रिअल्टरने भिंती मोजल्या, खिडक्यांचं कौतुक केलं, प्लमचं झाड फोटोत छान दिसेल म्हणाला. मी हो ला हो करत त्याच्यामागून फिरत होते.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. वाजवलं नाही कोणी, नुसतं उघडलं. मैत्रीण आत आली, घरातल्या सपाता घातलेली, केस विंचरायचे राहिलेले. माझ्याकडे न बघता तिने शेल्फवरून पातेलं काढलं, पाणी भरलं आणि आधण टाकलं.

रिअल्टर जरा गडबडला. मग त्याने आपले प्रश्न पुढे चालू केले. बेसमेंटमध्ये पाणी वगैरे कधी आलं होतं का?

“येतं,” मैत्रीण गॅसकडे तोंड करून म्हणाली.

“अगं, कधी आलंय?” मी म्हटलं.

“घर गरम करणारा फर्नेस कितपत जुना आहे?” त्याने विचारलं.

“फार जुना. आवाज करतो. छप्परही बघून घ्या.”

छप्पर आम्ही अलीकडेच नवीन घातलं होतं, तिच्याच नवऱ्याच्या ओळखीच्या माणसाकडून. रिअल्टरने विचारलं, “तुम्ही घरातल्याच का?”

“मी समोर राहते.”

“अरे वा,” त्याचा चेहरा खुलला. “मग तुम्हीच सांगा. घर घेणारे नेहमी विचारतात. शेजार कसा आहे इथला?”

तिने गॅस बारीक केला आणि पहिल्यांदाच वळून त्याच्याकडे पाहिलं.

“टेरिबल,” ती म्हणाली. “समोरचे तर अगदीच वाईट. या घरातला माणूस गेला. तिच्यापाशी येऊन कोणी घटकाभर बसलंसुद्धा नाही.” चमचा हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. रिअल्टरने मोजायची टेप हळूच खिशात घातली आणि माझ्याकडे पाहिलं.

ओट्यावरच्या फोनमधून मुलाचा आवाज आला. “आई? हू इज दॅट? कोण आहे तिथे?”

“मावशी आहे,” मी म्हणाले. “घर विकायचं नाहीये मला.”